दुष्काळी जिल्ह्याचे महापूर

धाराशिवची ओळख सरकारदरबारी आजही ‘दुष्काळी जिल्हा’ अशीच आहे, आणि ती खोटी नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन तगलेली पिढी इथे अजून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा इथली गावेही टँकरकडे डोळे लावून बसली होती. पण या ओळखीमुळेच पुराची तयारी मागे पडली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये काढणी करून रानात रचलेल्या सोयाबीनच्या गंजी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. पुढच्याच सप्टेंबरात तेरणा आणि मांजराकाठ बुडाला. दाऊतपूरच्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने परंडा तालुक्यात हाहाकार माजवला. भूम, कळंबही सुटले नाहीत. सहा वर्षांत तीन मोठे फटके, आणि तिन्ही वेळा पीक घरात यायच्या तोंडावर. याला अपवाद कसे म्हणायचे?

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते. तेरणा-मांजरा गोदावरीकडे, सीना भीमेकडे. सीना उगम पावते अहिल्यानगरात. म्हणजे परंड्यात पाऊस नसला तरी पूर येऊ शकतो. तरीही अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा आकडा ओलांडला की. नदीकाठच्या शेतकऱ्याने वरच्या जिल्ह्यात पडलेला पाऊस कुठल्या मापकात दाखवायचा?

पीक गेले तर पुढच्या हंगामाची आशा असते. पण परंड्यातल्या कित्येक रानांत काळी माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. ती माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागली होती. सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. निर्णय चांगला आहे. मात्र पैशाला ओल धरता येत नाही. रानात माती पडली पाहिजे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहेच. जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ सर्वांत आधी या खरडलेल्या रानांना द्यावा, तोही वाहतूक खर्चासह आणि पेरणीआधी. आणि सीना, तेरणा, मांजराकाठच्या प्रत्येक तालुक्यात बोटी व वरच्या धरणांच्या विसर्गाची गावपातळीवरची सूचना पावसाळ्यापूर्वी हवी. जिल्हाधिकाऱ्यांनी त्याची तारीख आताच जाहीर करावी.