गड्ड्याचे दिवस, बंद दवाखाने आणि रुग्णाची वाट

मार्गशीर्ष सरत आला की सोलापुरास श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेचे वेध लागतात. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होम मैदानावरील होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम आणि अखेरीस कप्पडकळी असा संक्रांतीच्या आगेमागे चालणारा हा सोहळा; त्याला लागून महिनाभर रेंगाळणारा गड्डा. त्याआधी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्या साधून अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर येथे लोटणारी गर्दी वेगळीच. घरोघरी पाहुणे असतात, शेतावर हुरडा असतो, आणि याच दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांवर ‘बंद’ अशी पाटी असते. या पाटीविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

वैद्याने सुट्टी घेऊ नये, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. वर्षभर रुग्णसेवा करणाऱ्यास विश्रांतीचा आणि देवदर्शनाचा अधिकार आहेच. प्रश्न एवढाच की, आपले दार बंद असताना रुग्णाने कोणते दार ठोठवावे, हे त्यास आपण सांगून ठेवतो काय?

हा प्रश्न ऋतुविचाराशीही निगडित आहे. मकरसंक्रमणाबरोबर उत्तरायण व शिशिराचा आरंभ मानला, तर यात्रेचे दिवस नेमके ऋतुसंधीत येतात. हेमंतात अग्नी प्रबळ असतो हे शास्त्रवचन लोकांस चांगले पाठ असते; परंतु ते श्रम करणाऱ्या, नियमित आहार घेणाऱ्या शरीरास उद्देशून आहे, याचे स्मरण राहत नाही. दिवसभर गादीवर बसणारा मधुमेही गृहस्थ हुरडा, तिळगूळ आणि गड्ड्यावरील तळलेले पदार्थ एकाच दिवशी सेवन करतो. पहाटे बोचरी थंडी, दुपारी कडक ऊन आणि मैदानावर उडणारी धूळ. पूर्व भागातील यंत्रमागावर काम करणारे आणि विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनी यांच्या फुप्फुसांवर वर्षभराचा भार असतोच. तमक श्वासाचा वेग या दिवसांत बळावला तर नवल नाही. याच काळात जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो आणि परगावाहून आलेली ऊसतोड कुटुंबे फडाशेजारच्या कोप्यांत लहान मुलांसह थंडीत राहतात. त्यांना तर शहरात कोणता दवाखाना कोठे आहे, हेही ठाऊक नसते.

अशा वेळी रुग्णांची दोन टोके दिसतात. एक, साध्या प्रतिश्यायासाठी सर्वोपचार रुग्णालयाच्या अपघात विभागात रांग लावणारे. दुसरे, छातीत कळ येत असताना ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत घरी बसणारे. पहिल्यामुळे खऱ्या अत्यवस्थ रुग्णाचा वेळ जातो, दुसऱ्याचा तर जीवच जातो. आणि या दुसऱ्या चुकीत आपलाही वाटा असतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी अक्षता सोहळ्याच्या दिवशी आमचाच एक जुना, पन्नाशीतला रुग्ण छातीत जळजळ व घाम येत असल्याने दवाखान्याशी आला. दारावर आमची पाटी होती, तीवर फक्त ‘बंद’ एवढाच शब्द. तो जवळच्या औषध दुकानात गेला, तेथून अम्लपित्ताचे चूर्ण घेऊन घरी परतला आणि रात्री रुग्णालयात पोहोचला. तो वाचला, परंतु हृदयाच्या स्नायूंची जी हानी व्हावयाची ती होऊन गेली होती. दुकानदाराने चूर्ण दिले ते सद्भावनेनेच. चूक आमच्या पाटीची होती. तीवर आणखी दोन ओळी असत्या, तर कदाचित चित्र वेगळे असते.

‘रुग्ण दुसरीकडे पाठविणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव’ अशी एक भावना आपल्या व्यवसायात अजूनही आढळते. ती शास्त्रास धरून नाही. चरकाचार्यांनी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असा भेद करून, असाध्यास हात घालणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि यश यांची हानी होते, असा इशारा दिला आहे. गुल्म पक्व झाल्यावर तेथील अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या शल्यविदांचा, असे त्यांनी चिकित्सास्थानात नि:संकोच सांगितले. नेत्ररोगांच्या संदर्भात पराधिकारात विस्तार करणे त्यांनी टाळले. आपली मर्यादा ओळखून रुग्णास योग्य हाती सोपविणे ही आपल्याच परंपरेची शिकवण आहे, उसनी आणलेली नव्हे.

तेव्हा सुट्टीच्या दिवसांत रुग्णाने कोणती सेवा निवडावी, याची तीन पायऱ्यांची समज आपण प्रत्येक कुटुंबास आधीच द्यावी, असे आम्ही सुचवितो.

पहिली पायरी क्षणाचाही विलंब न लावण्याची. छातीत दाब व घाम, बसल्या जागी धाप लागून एक वाक्यही पुरे न होणे, अचानक तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे अथवा एका बाजूची शक्ती जाणे, शुद्ध हरपणे, सर्पदंश, मोठे भाजणे, न थांबणारा रक्तस्राव. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणत: पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून ‘सकाळी पाहू’ हा शब्द येथे घातक होय. सर्पदंशावर प्रतिविषाशिवाय उपाय नाही. करकचून बांधणे वा चिरा देणे यांत केवळ वेळ जातो. दारूकामाने डोळ्यास इजा झाल्यास तेथे मध, काजळ अथवा कोणतेही थेंब न घालता डोळा अलगद झाकून नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. संक्रांतीच्या पतंगांच्या नायलॉन मांजाने गळा कापल्याच्या घटनाही आता अपरिचित राहिलेल्या नाहीत. तेथे स्वच्छ कापडाने दाब देत रुग्णास हलवावे.

अशा वेळी १०८ क्रमांक फिरवावा. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या या सेवेतील रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतो आणि त्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे, ही आपणांस अभिमानाची बाब वाटावयास हवी. आपलाच एखादा विद्यार्थी त्या गाडीतून रुग्णाकडे धावत असतो. मग त्यास बोलाविण्यात कमीपणा कसला? गर्भिणी, प्रसूता व नवजात अर्भकासाठी १०२ ही सेवा आहे.

बालकांविषयी वेगळे सांगणे आवश्यक वाटते. सर्दी-खोकला असलेल्या मुलाचा श्वास ते शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील अर्भकात ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास भरल्यास फुप्फुसदाहाची शंका घेऊन त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. बरगड्यांखाली खळगा पडत असेल वा मूल स्तनपान सोडत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. घड्याळाखेरीज कोणतेही साधन न लागणारी ही परीक्षा ऊसतोड कामगार मातेसही शिकविता येते. ती शिकविण्यास पाच मिनिटे पुरतात.

दुसरी पायरी त्याच दिवशी वैद्यास दाखविण्याची. तीन दिवसांपलीकडे गेलेला ज्वर, वृद्ध व मधुमेही यांच्यातील वमन-अतिसार, जुन्या दम्याचा वाढता वेग, गर्भिणीचा कोणताही ज्वर. हा प्रांत मुख्यत: आपला आहे आणि नेमक्या याच प्रांतात सुट्टीत पोकळी निर्माण होते. १ मे २०२३ पासून राज्यभर सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ दुपारपासून रात्री दहापर्यंत चालावेत, अशी मूळ योजना आहे. आपल्या भागात तो कोठे आहे व प्रत्यक्षात केव्हा उघडा असतो, याची खात्री करून रुग्णांस सांगावे.

तिसरी पायरी घरची. साधा प्रतिश्याय, अजीर्ण, रूक्ष त्वचा, पाददारी यांसाठी कोष्ण जल, सुंठ, लघू आहार किंवा लंघन, तिळतेलाचा अभ्यंग आणि विश्रांती एवढे बहुधा पुरेसे असते. येथेच औषध विक्रेत्या बंधूंचे स्थान महत्त्वाचे ठरते. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवान्याची सक्ती नाही. म्हणूनच विवेकाची सक्ती आपण स्वत:वर लादून घेतली पाहिजे. सितोपलादी चूर्णात खडीसाखर असते, च्यवनप्राशात साखर असते, आसवारिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो. मधुमेही, यकृतविकारी व गर्भिणी यांना विचारल्यावाचून या वस्तू हाती देऊ नयेत. वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा असलेली विषद्रव्ययुक्त औषधे मागणीवरून देऊ नयेत. ज्यांच्याकडे आधुनिक औषधेही आहेत त्यांनी शिल्लक चिठ्ठीवर प्रतिजैविके देण्याचा मोह टाळावा. साध्या सर्दीवर ती निरुपयोगी आहेत.

यात्रांच्या गर्दीत निनावी पुड्या विकणाऱ्यांविषयीही रुग्णांस सावध करावे. एका पुडीने सांधेदुखी रातोरात पळाली, तर तीत स्टेरॉईड मिसळले असण्याची शंका घेणे हेच शहाणपण. अपाय रुग्णास होतो आणि अपकीर्ती आयुर्वेदाची होते.

आता कृतीचे. प्रत्येक पेठेतील चार-पाच वैद्यांनी एकत्र बसून २५ डिसेंबर ते जानेवारीअखेरची पाळी ठरवावी. एक बंद तर दुसरा उघडा. पाटीवर ‘बंद’ या शब्दाखाली परत येण्याची तारीख, पाळीवरील वैद्याचे नाव व वेळ आणि १०८ हा क्रमांक ठळक लिहावा. आपल्या शहरात तो मजकूर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दूतही असावा. जीर्ण रुग्णांस सुट्टीपूर्वीच पंधरा दिवसांची औषधे आणि चालू चिकित्सेची चिठ्ठी द्यावी, म्हणजे दुसऱ्या वैद्यास अंधारात चाचपडावे लागणार नाही. हीच पाळीची यादी औषध दुकानांत लावावी. यास खर्च जवळपास नाही. लागतो तो आपसांतील विश्वास. ‘माझा रुग्ण त्याच्याकडे गेला तर परत येईल काय?’ ही भीती आम्हांसही होती. अनुभव असा की, योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविलेला रुग्ण परत येतोच, आणि येताना आणखी दोघांस घेऊन येतो.

सिद्धरामेश्वरांनी या नगरीत लोकांसाठी तलाव खोदविला आणि श्रमाची सेवा हीच उपासना मानली. त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडताना आपल्या दवाखान्यावरील पाटी आपणांस आठवावी, आणि ती रुग्णास वाट दाखविणारी असावी, एवढीच सर्व व्यवसायबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.