गुणपत्रिकेतील इंग्रजी

दहावीचा निकाल जाहीर होतो त्या दिवशी सारे शहर गणिती बनते. राज्याची टक्केवारी किती, कोकण विभाग यंदाही पुढे आहे काय, मुलींनी मुलांना किती मागे टाकले, शंभर टक्के निकालाच्या शाळा किती, याची चर्चा घरोघरी होते आणि पेढ्यांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची आमची मुळीच इच्छा नाही. तथापि निकालाचा गलबला ओसरल्यावर गुणपत्रिका पुन्हा एकदा हाती घ्यावी आणि इंग्रजी या विषयासमोर छापलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे स्वतःशी विचारून पाहावे, अशी आमची पालकांना विनंती आहे. इंग्रजीत ७८ गुण मिळविलेली मुलगी इंग्रजी वृत्तपत्रातील साधी बातमी वाचून तिचा आशय सांगू शकते काय? दूरध्वनीवर कोणी इंग्रजीत चौकशी केली, तर दोन वाक्यांत नीट उत्तर देऊ शकते काय? अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे एक पान तिला कोणाच्या मदतीवाचून उमजेल काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातून मिळत नाही. मग तो आकडा नेमके काय मोजतो?

हा प्रश्न वरवर शैक्षणिक तपशिलाचा वाटेल; परंतु त्यात हजारो मुलांचे भवितव्य गुंतलेले आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळला, की बहुतेक ठिकाणी एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर त्याचे सर्व शिक्षण इंग्रजीतून सुरू होते. गुणपत्रिकेने त्याला सांगितलेले असते की, तुझे इंग्रजी चांगले आहे. वर्गात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात येते की, अध्यापकांचे बोलणे कानावरून वाहून जात आहे. तो दोष स्वतःच्या बुद्धीला देतो, घरी सांगायला लाजतो आणि शिकवणीचा आसरा शोधतो. किंवा मुकाट्याने शाखा बदलतो. त्याची बुद्धी कमी नसते. त्याला त्याच्या तयारीचा खरा अंदाज कोणी वेळेवर दिलेला नसतो, एवढेच. परीक्षेचे पहिले कर्तव्य तो अंदाज देणे हे होय. आणि नेमके तेच ती करीत नाही.

याचे कारण काय? आमच्या मते कारण असे की, आपली परीक्षा मुख्यतः पाठ्यपुस्तकाची परीक्षा आहे, भाषेची फार थोडी आहे. धड्यातील उतारा, कवितेवरील प्रश्न, ठरीव साच्याचे पत्र, माहितीचे रूपांतर, व्याकरणाचे सुटे प्रश्न, अशी तिची मांडणी असते. अपरिचित उताऱ्यावर प्रश्न विचारले जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच्या भोवतीचा मोठा भाग असा की, गाईड आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच यांच्या बळावर चतुर विद्यार्थी तो पार करू शकतो. पत्राचा मायना पाठ, भाषणाची सुरुवात पाठ, समारोप पाठ. परीक्षा जे विचारते तेच वर्ग शिकवितो, हा शाळेचा अलिखित नियम आहे. आम्ही स्वतः काही वर्षे हाती खडू धरलेला असल्यामुळे यात शिक्षकाला दोष देण्यास आम्ही तयार नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या माणसाकडून निकालाची टक्केवारी मागावयाची आणि मुलांना बोलते का केले नाही म्हणून त्यालाच जाब विचारावयाचा, हा न्याय नव्हे.

राहिले कान आणि जीभ. भाषा ही ऐकण्या-बोलण्याची गोष्ट आहे, हे परीक्षा मंडळाला ठाऊक नाही असे नाही. म्हणूनच शंभरांपैकी ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला, अशी वाटणी केलेली आहे. योजना म्हणून ती निर्दोष आहे. शाळेत वर्षभर केलेल्या कामाचीही अंतिम मूल्यमापनात दखल घ्यावी, असे मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच सुचविले होते. परंतु व्यवहारात हे २० गुण विद्यार्थ्याचीच शाळा देते, आणि त्या शाळेची प्रतिष्ठा त्याच विद्यार्थ्याच्या निकालावर अवलंबून असते. अशा स्थितीत हात सैल न सोडणारा शिक्षक म्हणजे साधुपुरुषच म्हणावा लागेल. ज्याला तोंडी परीक्षेत १८ गुण मिळाले, त्याला ३५ ची पायरी गाठण्यासाठी लेखीच्या ८० पैकी १७ गुण पुरतात. मग त्या अठरांचा त्याच्या बोलण्याशी संबंध आहे की त्याला तारून नेण्याशी, हे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

या विधानाला २०१९ साली मोठी साक्ष मिळाली. त्या वर्षीच्या परीक्षेसाठी भाषाविषयांतील अंतर्गत गुण रद्द करण्यात आले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. म्हणजे एका वर्षात तो १२ टक्क्यांहून अधिक घसरला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, तेव्हा साऱ्या घसरणीचे खापर एकाच कारणावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु मोठा गदारोळ उठला तो अंतर्गत गुणांवरूनच. केंद्रीय मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आमच्या मुलांनी अकरावीच्या प्रवेशात मागे का राहावे, असा प्रश्न पालकांनी विचारला आणि तो गैर नव्हता. सरकारने माघार घेतली, २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण मुख्य मुद्दा निराळाच आहे. गुण काढून घेताना आणि परत देताना, दोन्ही वेळी चर्चा झाली ती टक्केवारीची आणि प्रवेशाची. आमच्या मुलांना इंग्रजी ऐकून समजते काय, बोलता येते काय, हा प्रश्न त्या साऱ्या वादात जवळजवळ कोणीच विचारला नाही. २० गुण हे चलनी नाणे झाले होते. त्याच्यावर कोणत्या कौशल्याचा छाप आहे, याची कोणास फिकीर नव्हती.

वास्तविक या राज्याने इंग्रजीच्या प्रश्नावर थोडी ऊर्जा खर्च केलेली नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला आणि त्यावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्या काळी आठवी ते अकरावी अशी चार वर्षे इंग्रजी शिकून मुले शालान्त परीक्षेला बसत आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून या भाषेशी झुंज देत. पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आले आणि पुन्हा एकदा मोठे वादळ उठले. आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. इंग्रजी केव्हा सुरू करावे, यावर आपण अर्धशतकाहून अधिक काळ भांडलो. दहा वर्षांच्या अखेरीस मुलाच्या पदरात काय पडले, हे प्रामाणिकपणे मोजण्याचे मात्र राहूनच गेले. वाघिणीचे दूध पाजले एवढ्याचीच आपण नोंद ठेवली. ते अंगी लागले की नाही, हे पाहिले नाही.

मोजणे अशक्य आहे काय? 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वेक्षणात २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना, प्रत्येकाशेजारी बसून, इंग्रजीची अगदी साधी वाक्ये वाचावयास दिली होती. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली, त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून अर्थ सांगणारी मुले शंभरात बेचाळीसच्या आसपास भरली. हे सर्वेक्षण अनेक राज्यांतील ग्रामीण मुलांचे आहे, त्यांत शाळा सोडलेलीही होती. तेव्हा त्याची आमच्या दहावीच्या निकालाशी सरळ तुलना करता येणार नाही. परंतु त्याने एक गोष्ट सिद्ध केली. हाती एक कागद आणि शेजारी बसण्याची तयारी असली, तर खरे उत्तर मिळविता येते.

आमची सूचना अशी आहे. ऐकण्या-बोलण्याची परीक्षा ठेवावी, पण तिचे गुण एकूण बेरजेतून आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या हिशेबातून बाहेर काढावेत. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून लेखी परीक्षेतील उत्तीर्णतेची पायरी त्यानुसार नव्याने ठरवावी आणि अकरावीच्या प्रवेशासाठी सर्व मंडळांच्या गुणांची समान पायावर तुलना करावी. ऐकण्या-बोलण्याचा निष्कर्ष गुणपत्रिकेवर स्वतंत्र ओळीत आणि आकड्याऐवजी शब्दांत लिहावा. ही विद्यार्थिनी परिचित विषयावरील सावकाश बोलणे समजू शकते. हा विद्यार्थी आपले म्हणणे थोड्या वाक्यांत मांडू शकतो. ही वर्गातील इंग्रजी व्याख्यान ऐकून टिपणे काढू शकते, अशा पाच-सहा पायऱ्या पुरेत. युरोपने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या अशाच रीतीने, माणसाला काय करता येते या भाषेत, वर्णिल्या आणि आज जगभर त्या वापरल्या जातात. ज्या निष्कर्षामुळे कोणी नापास होत नाही आणि कोणाचा प्रवेश अडत नाही, तो फुगविण्याचा मोह कोणास होईल? आणि तो खरा असल्यामुळे पालक, महाविद्यालय आणि स्वतः विद्यार्थी, तिघांच्याही तो उपयोगी पडेल.

इतक्या मुलांची तोंडी परीक्षा घेणार कोण, असा आक्षेप येईल. आपण हिशेब करून पाहू. परीक्षार्थी १५ लाख धरले आणि प्रत्येकाला ५ मिनिटे दिली, तर एक परीक्षक ५ तासांत ६० मुलांशी बोलू शकतो. म्हणजे हे २५ हजार दिवसांचे काम झाले. दुसऱ्या शाळांतून आणलेल्या ५ हजार शिक्षकांनी ते ५ दिवसांत उरकण्यासारखे आहे. बारावीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक आपण आजही पाठवितोच. श्रवणाची परीक्षा तर याहून सोपी आहे; ध्वनिमुद्रित उतारा वर्गात ऐकवावयाचा आणि उत्तरे लिहून घ्यावयाची. खर्च येईल हे खरे. परंतु खोट्या मापावर चाललेल्या शिकवण्यांवर पालक जो खर्च करतात, त्याचाही हिशेब कोणी तरी मांडावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेड्यातील मुलाला, ज्याच्या घरात इंग्रजीचा शब्द ऐकू येत नाही, ही परीक्षा लाज आणणार नाही काय? उच्चारांच्या नखऱ्यांवर ती बेतली, तर अवश्य आणील. म्हणून परीक्षकाने मुलाचे हेल तपासू नयेत. म्हणणे कळते काय आणि कळविता येते काय, एवढेच पाहावे. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाने मराठी वळणाने इंग्रजी बोलणे हा दोष नव्हे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही हेच माप लावावे. फडाफड बोलणाऱ्या, परंतु एक परिच्छेद सुसंगत लिहू न शकणाऱ्या मुलांची संख्या तेथे लहान नाही. इंग्रजी माध्यम म्हणजे इंग्रजी येणे नव्हे, हे एकदा कागदावर दिसू द्यावे.

मराठी शाळांच्या हितचिंतकांनी तर ही मागणी आपण होऊन केली पाहिजे. आज आईबाप मराठी शाळा सोडतात, ते बहुधा मराठीच्या द्वेषाने नव्हे. मुलाला तेथे इंग्रजी येईल काय, या धास्तीने ते सोडतात. ही धास्ती भाषणांनी जात नाही. आपल्या शाळेतील दहावीची मुले इंग्रजी ऐकून समजतात आणि नीट बोलतात, असा तटस्थ परीक्षकाचा दाखला जी मराठी शाळा दाखवू शकेल, तिला प्रवेशासाठी दारोदार फिरावे लागणार नाही. ज्या शाळेला तो दाखवता येणार नाही, तिला शिक्षक, पुस्तके आणि वेळ देण्याचे काम सरकारला टाळता येणार नाही. खरे माप दोघांचेही भले करील.

२०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या आपत्तीच्या वर्षाबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु परीक्षा घेऊनही आपला निकाल त्याच आकड्याकडे सरकत असेल, तर तो आकडा मुलांविषयी काही सांगतो की केवळ मोठ्यांचे समाधान करतो, याचा विचार व्हावयास हवा. पुढील शालेय वर्षाच्या परीक्षा-योजनेत शिक्षणमंत्र्यांनी आणि मंडळाने हा बदल, निदान प्रत्येक विभागातील काही शाळांत, प्रयोग म्हणून तरी आरंभावा, अशी आमची मागणी आहे. मुलांना इंग्रजी कमी येते हे कळले, तर ते शिकविता येईल. ते येते असे आपणच लिहून दिले, तर शिकविण्याची वाटच बंद होते.