एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

बोरीबंदर स्टेशनातून ठोक्याला बारा वाजता निघालेला माणूस पायीपायी क्रॉफर्ड मार्केटला पोचला, की तिथल्या घड्याळात अजून साडेअकराही वाजलेले नसत. घड्याळ बिघडलेलं नसे. पाच-सात मिनिटांच्या त्या चालीत गडी रेल्वेच्या वेळेतून म्युनिसिपालिटीच्या वेळेत शिरलेला असे, एवढंच. आणि हा प्रकार दोन-चार महिने नव्हे, १९०६ पासून थेट १९५५ पर्यंत चालला. दोन महायुद्धं झाली, इंग्रज गेले, राज्यघटना आली. मुंबईच्या एकोणचाळीस मिनिटांचा निकाल काही लागला नाही.

मुंबईकराला वेळेची फार किंमत, असं आपण अभिमानाने सांगतो. ती किती होती, ते या भांडणाकडे पाहिल्यावर कळतं.

मुळात पूर्वी ज्या त्या गावाची वेळ ज्या त्या गावची असे. सूर्य माथ्यावर आला की बारा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला जेमतेम ७३ अंशांवर, म्हणून इथली वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं. बैलगाडीच्या काळात याने कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर. मद्रासला वेधशाळा होती, म्हणून रेल्वेने तिथली वेळ धरली आणि मुंबईच्या स्टेशनांवरची घड्याळं शहराच्या अर्धा तास पुढे धावू लागली. लोकांनी तेही चालवून घेतलं. गाडी पकडायची वेळ वेगळी, जेवायची वेगळी.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांना हा गोंधळ सहन होईना. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे. सबंध मुंबईने मद्रासची वेळ पाळावी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुंबईने मद्रासचं ऐकायचं? शहर चिडलं. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कुठली वेळ दाखवायची, हा प्रश्न तेव्हा विद्यापीठाच्या सिनेटपुढे आला. टॉवर नवाकोरा, १८७८ साली पुरा झालेला, प्रेमचंद रायचंद यांच्या दोन लाखांच्या देणगीतून उभा राहिलेला. घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च सरकार देणार, पण काटे मद्रासचे हवेत, अशी मेख होती. सिनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने कौल दिला. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. तेलवातीच्या पैशांपायी विद्यापीठाने सूर्य विकला नाही, हे मला त्या काळातल्या अनेक गंभीर ठरावांपेक्षा थोर वाटतं.

खरा तमाशा झाला तो पुढे. देशभर एकच प्रमाणवेळ ठरली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली. मुंबईच्या वाट्याला ३९ मिनिटांचा फरक आला. मुंबईत ती लागू झाली १ जानेवारी १९०६ रोजी. मुहूर्तही काय काढला! बंगालची फाळणी होऊन तीन महिने झालेले नाहीत, स्वदेशीची हवा तापलेली, आणि त्यात सरकार म्हणतंय की तुमचा सूर्यसुद्धा आम्ही सांगू तेव्हा उगवेल.

त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी माग थांबवले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. घड्याळासाठी दगडफेक, हे ऐकून हसू येतं. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि त्या उजेडात कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला होता. अशात जानेवारीच्या थंडीत भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार. जानेवारीत मुंबईला प्रमाणवेळेने सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. जुन्या घड्याळात तेव्हा साडेसहाच वाजून गेलेले असत. साहेबाने काटा सरकवला, झोप कामगाराची गेली. मी त्यांच्या जागी असतो तर दगड मारला नसता कदाचित, पण मारणाऱ्याला अडवलंही नसतं.

शहरातही लोण पोचलं. सभा झाल्या, पंधरा हजारांहून अधिक लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. चेंबर ऑफ कॉमर्समधल्या व्यापाऱ्यांना नवी वेळ सोयीची होती. तारा, बोटी, परदेशी बाजार यांचा त्यांचा हिशेब सरळ होत होता. महापालिकेत मात्र फिरोजशहा मेहता उभे राहिले. लोकांना विश्वासात न घेता त्यांची वेळ बदलता कशी, हा त्यांचा मुद्दा. खगोलशास्त्रात तो कुठे बसत नाही, राजकारणात चपखल बसतो. महापालिकेने आपल्या घड्याळांपुरती मुंबईची वेळ कायम ठेवली आणि सरकारने आपल्यापुरती प्रमाणवेळ.

मग सुरू झाला तो संसार. पाहुणा सहाला येतो म्हणाला, तर कुठल्या सहाला, हे विचारणं आलं. निमंत्रणपत्रिकांत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, अशी अक्षरं दिसू लागली. आजच्या तरुणाला ती एखाद्या पदवीसारखी वाटतील. उशिरा येणाऱ्यांची मात्र या काळात चंगळ झाली असणार. सबब सरकारने आणि महापालिकेने मिळून पुरवलेली.

कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईने आणखी सात वर्षं धरून ठेवली. इंग्रजांशी असलेलं भांडण इंग्रज गेल्यावरही चालू ठेवायला चिकाटी लागते, आणि माझ्या मते शेवटी शेवटी ती निव्वळ सवय उरली होती. एक देश, एक वेळ यात सोय आहेच. पण पूर्वेकडच्या टोकाला या सोयीची किंमत अजून मोजावी लागते. आसामच्या चहामळ्यांत आजही घड्याळ तासभर पुढे लावतात, त्याला तिथे ‘बागान टाइम’ म्हणतात. तिथला सूर्य दिल्लीची वाट बघत नाही.

मुंबईची वेळही पुरती मेलेली नाही. पारशांच्या प्रार्थनांचे दिवसाचे पाच भाग सूर्यावर बांधलेले आहेत, म्हणून शहरातल्या काही अग्याऱ्यांत घड्याळ अजून ३९ मिनिटं मागे ठेवतात. बिगरपारशांना आत प्रवेश नसतो, तेव्हा बाकीच्यांनी ते ऐकूनच समाधान मानायचं.