हातांना वर्गाबाहेर का उभे केले?

दोन वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे उद्घाटन माझ्या हस्ते झाले. नववीतील एका मुलाने पुठ्ठ्याची देखणी पवनचक्की मांडली होती. मी विचारले, "बाळा, पाती सरळ न ठेवता तिरकी का बसवलीस?" तो गोंधळला. म्हणाला, "फादर, ते पप्पांना माहीत. त्यांनीच करून आणलीय." त्याच पवनचक्कीला पहिले बक्षीस मिळाले आणि ते मीच दिले. म्हणून पुढे जे दोष दाखवणार आहे, त्यांत माझाही वाटा आहे.

आपल्या बहुतेक शाळांत तंत्रज्ञान शिकवले जाते ते असे! वहीत कृती सुवाच्य अक्षरांत उतरवायची, वस्तू विकत आणायची, श्रेणी मिळवायची आणि दहावी जवळ आली की तो तास गणिताला देऊन टाकायचा.

उणीव विचारांची नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचे अंग मानले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले. नावे बदलत गेली. मुलांचे हात मात्र कोरेच राहिले.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून उभ्या राहिलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस लोखंडकाम, वीज, शेती, आहार व आरोग्य यांतील प्रत्यक्ष कामाला देतात. महत्त्वाचे हे की, ती गावाच्या गरजेचे काम करतात. शोभेची वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांतील भेद तेथे आपोआप कळतो.

एक साधे उदाहरण घेऊ. शाळेच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत आणि चाकाच्या खुर्चीतील मुलाला आत यायचे आहे. एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी, हा उताराचा रूढ नियम. म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट. अंगणात जागा बाराच फूट! मग उतार कोठे वळवायचा? वळणावर खुर्ची फिरेल का? पावसाचे पाणी कोठे जाईल? मुलांनी मोजावे, आराखडा काढावा, फळ्या टाकून पाहावे, चुकावे आणि पुन्हा करावे. भूमिती, विज्ञान आणि शेजारधर्म हे तिन्ही विषय त्या अठरा फुटांत शिकून होतात.

"आमच्या मुलाला काय सुतार व्हायचे आहे?" असा प्रश्न पालक मला करतात. नाझरेथच्या सुतारापुढे गुडघे टेकणाऱ्या समाजाने हे विचारावे, याचे मला दुःख होते. आपले कितीतरी आजोबा हातांच्या बळावर उभे राहिले. त्याच हातांची लाज बाळगायला शिकवणारे शिक्षण आपण फी भरून विकत घेतो. हुशारांना पुस्तक आणि मागे पडलेल्यांना हातोडा, ही वाटणीही अन्यायाची आहे. उद्याच्या डॉक्टरलाही हातांची पारख लागते.

कोणी म्हणतात, आता संगणकावर सारे करता येते. संगणक जरूर शिकवा. परंतु पडद्यावर काढलेली फळी मुलाच्या वजनाने वाकत नाही. वाकलेली फळी जे शिकवते, ते तिच्याखेरीज कोणी शिकवीत नाही.

खर्चाची सबबही लंगडी आहे. आरंभासाठी करवती, पक्कड, मोजपट्ट्या आणि एक भक्कम टेबल पुरेसे आहे. गावातील अनुभवी सुताराला वा गवंड्याला मानधन देऊन सन्मानाने वर्गात बोलवा. मुले त्याला 'सर' म्हणोत. तो तास परीक्षेच्या काळातही कोणाला देऊ नका. निम्मे गुण वस्तूला द्या आणि निम्मे, काय फसले व ते कसे सुधारले हे सांगण्याला. आणि पालकहो, रात्री जागून मुलांचे प्रकल्प तुम्ही करू नका!

यापुढे प्रदर्शनाला मला बोलावणाऱ्या शाळांना मी एक अट घालणार आहे. बक्षीस देण्यापूर्वी प्रत्येक वस्तू तिच्या निर्मात्याने माझ्यासमोर सुटी करून पुन्हा जोडावी. मग पवनचक्की थोडी वेडीवाकडी असली तरी चालेल.