सकाळच्या बातम्यांमागची ती खिडकी खरी असते का?

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लाखोंची गर्दी जमलेली. सीबीएस वाहिनीचे ज्येष्ठ निवेदक डॅन रादर तिथून थेट बातम्या देत होते आणि त्यांच्यामागं सीबीएसचा मोठा फलक झळकत होता. अडचण एवढीच होती की टाइम्स स्क्वेअरमध्ये असा फलक नव्हताच. त्या जागी होता प्रतिस्पर्धी एनबीसीचा स्क्रीन. सीबीएसनं संगणकाच्या मदतीनं तो झाकून वर आपला लोगो चिकटवला होता, तोही लाइव्ह.

पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं हे छापलं आणि बोंबाबोंब झाली. रादर यांनी आपलं चुकलं असं मान्य केलं. पण त्या बातमीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि आपला विषय ती आहे.

हा प्रकार त्या एका रात्रीपुरता नव्हता. सीबीएसचा सकाळचा कार्यक्रम ‘द अर्ली शो’ नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झाला होता. त्यात आजूबाजूच्या इमारतींवर, घोडागाडीच्या मागच्या बाजूला, अगदी कारंज्यातही असेच खोटे लोगो दिसत होते. खेळाच्या मैदानावर नसलेल्या जाहिराती टीव्हीवर दाखवणारं जे तंत्रज्ञान होतं, तेच इथं बातम्यांच्या कार्यक्रमात वापरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एका लोगोनं असं काय बिघडलं? ते कळायला सकाळच्या कार्यक्रमात खिडकी आली कुठून हे बघावं लागतं.

१४ जानेवारी १९५२ ला एनबीसीनं ‘टुडे’ सुरू केला. सकाळी सकाळी टीव्ही कोण बघणार, अशी तेव्हा शंका होती. पॅट वीव्हर या अधिकाऱ्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली होती. निवेदक होते डेव्ह गॅरोवे. स्टुडिओ होता रस्त्याला लागून, मोठ्या काचेचा, एखाद्या दुकानाच्या शोकेससारखा. आत वेगवेगळ्या देशांची वेळ दाखवणारी घड्याळं, टेलिफोन, बातम्या छापणारी यंत्रं. बाहेर फूटपाथवर कामाला निघालेली माणसं काचेला नाक लावून उभी. (पुढच्याच वर्षी या कार्यक्रमात एक चिंपांझीही आला आणि लोकप्रियही झाला. ट्रेंडसाठी काहीही करायची हौस सोशल मीडियाच्या आधीपासूनची आहे.)

त्या काचेतून प्रेक्षकाला दोन गोष्टी कळायच्या. हे आत्ता चाललंय आणि हे खऱ्या जगात चाललंय. पाऊस असेल तर छत्र्या दिसायच्या, थंडी असेल तर लोक कुडकुडताना दिसायचे. पुढं ‘टुडे’नं ही जागा सोडली, पण जून १९९४ मध्ये तो रॉकफेलर प्लाझाच्या काचेच्या ‘स्टुडिओ १ए’ मध्ये परत आला. डिसेंबर १९९५ पासून या कार्यक्रमानं सलग ८५२ आठवडे पहिला नंबर टिकवला. ते सगळं श्रेय काचेचं नाही, पण स्पर्धकांनी धडा काचेचाच घेतला. सप्टेंबर १९९९ मध्ये एबीसीचा ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ थेट टाइम्स स्क्वेअरमध्ये आला आणि त्याच वर्षी सीबीएसनंही फिफ्थ अव्हेन्यूवर काच उभारली. आणि मग त्याच काचेबाहेरच्या दृश्यात खोटे लोगो घुसवले. ज्या गोष्टीवर प्रेक्षकाचा सगळ्यात जास्त विश्वास होता, तिथंच हात घातला.

इंग्लंडमध्ये वेगळीच गोष्ट घडली. तिथं खिडकीचं काम सोफ्यानं केलं. १७ जानेवारी १९८३ ला बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ सुरू झाला. टेबलामागं सूट घालून बसलेल्या माणसाऐवजी लाल लेदरचे सोफे, त्यावर स्वेटर घातलेले फ्रँक बॉफ आणि शेजारी सेलिना स्कॉट. दोनच आठवड्यांनी खासगी ‘टीव्ही-एएम’ आलं. नावाजलेले पत्रकार आणि गंभीर चर्चेचा बेत घेऊन ते उतरलं आणि सुरुवातीलाच आपटलं. त्यांना सावरलं ते उंदराच्या एका बाहुल्यानं, रोलंड रॅटनं. सकाळी उठल्या उठल्या लोकांना टीव्हीवर काय हवं असतं, याचं हे उत्तर जरा टोचणारं आहे.

ब्रिटनचे मंत्री सकाळी एकामागोमाग एक वाहिन्यांना मुलाखती देत फिरतात. त्यातला एखादा जेव्हा अशा सोफ्यावर बसतो, तेव्हा मधे टेबल नसतं, दोघांची उंची सारखी, समोर चहाचा मग. इथं तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणारा निवेदक उद्धट वाटतो. टेबलापलीकडून विचारला तर तोच प्रश्न कर्तव्य वाटतो. चांगले पत्रकार सोफ्यावरूनही घाम फोडतात, पण माझ्या मते सोफा पाहुण्याच्या बाजूनं झुकलेला असतो.

मग आज सगळेच काचेचा स्टुडिओ का बांधत नाहीत? कारण ती डोकेदुखी आहे. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास आणि कार्यक्रम सुरू होतो सातला. म्हणजे सुरुवातीला बाहेर अंधार आणि काचेचा आरसा झालेला, त्यात आतले दिवे आणि कॅमेरे दिसतात. तासाभरात बाहेर लख्ख उजेड आणि निवेदकाचा चेहरा काळपट. हे टाळायला काचेवर प्रकाश कमी करणारी फिल्म लावतात आणि आतले दिवे दिवसाच्या उजेडाच्या रंगाशी जुळवतात. एक ढग आला की पुन्हा हिशेब. वर मोक्याच्या जागेचं भाडं. ‘गुड मॉर्निंग अमेरिका’नंही २०२५ मध्ये टाइम्स स्क्वेअर सोडलं.

त्यापेक्षा एलईडी भिंत सोपी. सकाळी केशरी आभाळ, दुपारी निळं, रात्री शहराचे दिवे. स्टुडिओ तोच, बटण दाबलं की वेळ बदलते. यात गैर काही नाही, जोवर ती सजावट म्हणून दिसते. गडबड होते ती सजावट घटनास्थळ असल्याचं सोंग करते तेव्हा. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातकडं येत असताना एका हिंदी वाहिनीची निवेदिका स्टुडिओत छत्री धरून वाऱ्यानं हेलपाटत होती. मागं ग्राफिक्सचं वादळ. त्याचे मीम तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. तिथं खोटेपणा उघड होता म्हणून हसू आलं. १९९९ चा लोगो बेमालूम होता, म्हणून तो कुणाला दिसलाच नाही.

बरं, आपल्याला ओळखता येतं का? बऱ्याचदा येतं. कॅमेरा सरकतो तेव्हा बघा. खऱ्या खिडकीत जवळचा खांब आणि लांबची इमारत एकाच वेगानं सरकत नाहीत. भिंतीवरच्या चित्रात सगळं एकदम सरकतं. निवेदकाच्या बारीक चौकड्यांचे कपडे राहू द्या, मागच्या पडद्यावरच लाटांसारखी नक्षी थरथरली तर तो एलईडी आहे. तासाभरात बाहेरचा उजेड बदलतो का, एकच गाडी पुन्हा पुन्हा जाते का, तेही बघा. आणि मुंबईच्या स्टुडिओत निवेदकामागं अरबी समुद्रातून सूर्य वर येत असेल, तर तो संध्याकाळचा व्हिडिओ कुणीतरी उलटा लावलाय.