विश्लेषण : स्वस्त कांद्याची किंमत कोण मोजतो?

कांद्यावरील २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले आणि जवळपास वीस महिने चाललेले निर्बंधांचे सत्र संपले. पण नुसते शुल्क रद्द झाल्याने प्रश्न सुटत नाही. भाव वाढल्यावर असे निर्बंध केव्हा आणि कोणत्या निकषावर लागावेत, हे आधी ठरलेले नव्हते. उत्पादकांची खरी अडचण तीच होती.

काय काय घडले?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर झाले. ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी आली. तिची मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती बेमुदत वाढवली गेली. लोकसभेचे मतदान सुरू असताना ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटले, शुल्क २० टक्क्यांवर आले.

फटका कोणाला?

शुल्क निर्यातदार भरतो. पण परदेशी ग्राहक तेवढा भाव वाढवून देत नसेल, तर ती रक्कम बाजार समितीतील बोलीतूनच वजा होते. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांदा मात्र टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. डिसेंबरची बंदी नेमकी लाल कांद्याच्या हंगामात आली. म्हणजे ज्याला थांबणे शक्यच नव्हते, त्याला सर्वाधिक झळ बसली.

ग्राहकाचे काय?

रोजंदारीवरच्या कुटुंबाला महाग कांदा परवडत नाही. त्यामुळे सरकारने हस्तक्षेपच करू नये, असे म्हणता येत नाही. पण त्यासाठी राखीव साठ्याचा मार्ग आहे. २०२३ मध्ये नाफेड आणि एनसीसीएफने क्विंटलला २,४१० रुपयांनी कांदा घेतला. ग्राहकांना तो २५ रुपये किलोने मिळाला. वाहतूक, साठवण आणि घट यांचा खर्च किलोमागे ९० पैशांत भागत नाही. तो भार तिजोरीवर, म्हणजे सर्वांवर पडतो. निर्यातबंदीचा मोठा भार उत्पादकावर पडतो आणि अर्थसंकल्पात तो दिसतही नाही.

उपाय काय?

निकष आधी ठरवण्याची कल्पना नवी नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीत फळे-भाज्यांचे किरकोळ भाव १०० टक्के वाढले तरच साठामर्यादा लावण्याची तरतूद होती. कृषी कायद्यांसोबत २०२१ मध्ये तीही रद्द झाली. निर्यातीसाठी असा निकष लागवडीपूर्वीच जाहीर करता येईल : कोणत्या भावाला शुल्क, किती आणि किती दिवस. आधी राखीव साठा, मग शुल्क आणि बंदी अगदी शेवटी. झालेल्या सौद्यांना सूट हवी. ठरलेला भाव ओलांडल्यावर उत्पादकांनाही निर्बंध मान्य करावे लागतील, पण ते त्यांना आधीपासून ठाऊक असतील.

ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हे धोरण योग्यच. मात्र त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे, हे रातोरात निघालेल्या अधिसूचनेने ठरू नये.