डोकी मोजणारा न्याय

शाळांच्या अनुदानाचा विषय निघाला की आमच्यातील सुशिक्षित मंडळी एक वाक्य हमखास ठेवणीतून काढतात : सरकारचा पैसा सर्व मुलांना सारखा मिळावा, एकाला अधिक देणे हा दुसऱ्यावर अन्याय होय. हे वाक्य वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु वकिलीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर आम्हांस बिनतोड वाटणाऱ्या वाक्यांचीच अधिक धास्ती वाटते.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा वाचून पाहावा. 'वंचित गट' आणि 'दुर्बल घटक' यांच्या व्याख्या त्याच्या दुसऱ्याच कलमात मोठ्या काळजीने केल्या आहेत. पुढे त्यांचा उपयोग कोठे होतो? कलम ८ व ९ म्हणतात, या मुलांबाबत भेदभाव होऊ देऊ नये. कलम १२ म्हणते, खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा त्यांना द्याव्यात. कलम २१ म्हणते, शाळेच्या व्यवस्थापन समितीत त्यांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान असावे. उपदेश झाला, प्रवेश झाला, प्रतिनिधित्वही झाले. परंतु ज्या सरकारी शाळेत हीच मुले बहुसंख्येने बसतात, त्या शाळेला त्यांच्यापायी एक शिक्षक किंवा एक रुपया अधिक द्यावा, असे हा कायदा म्हणत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला कलम ४ ने विशेष प्रशिक्षण देऊ केले आहे, हे खरे. पण रोज शाळेत येऊनही मागे पडणाऱ्यास त्याचा आधार नाही. शिष्यवृत्त्या आहेत, योजनाही आहेत. परंतु योजना म्हणजे देणाऱ्याची मर्जी, हक्क नव्हे.

या कायद्याचे परिशिष्ट सांगते की, पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. आता दोन शाळा डोळ्यांसमोर आणाव्यात. एकीतील मुलांच्या घरी पुस्तके आहेत आणि संध्याकाळी अभ्यास घेणारी आई आहे. दुसरीतील मुले ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुले दोहींकडे साठ, म्हणून शिक्षकही दोहींकडे दोनच! कायद्याने डोकी मोजली. डोक्यांवरची ओझी मोजली नाहीत.

यालाच समता म्हणावयाचे असेल, तर ती आमच्या राज्यघटनेतील समता नव्हे. समानांना समान वागवावे, असमानांना एका मापाने मोजू नये, असाच अनुच्छेद १४ चा अर्थ न्यायालयांनी लावत आणला आहे. मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निःसंदिग्ध शब्दांत दिला. अनुच्छेद ४६ तर दुर्बलांच्या शिक्षणाची विशेष काळजी घेण्यास राज्याला सांगतो. 'विशेष' या शब्दाचा अर्थ 'इतरांइतकीच' असा कोणत्या कोशात आहे?

आणि हा विचार परका आहे, असेही कोणी म्हणू नये. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या विद्येवर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सर्वांना खुली केली म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. अंत्यज मुलांसाठी वेगळा खर्च केला, वसतिगृहे काढली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरबाराने त्या वेळी सर्वांना सारखेच वाटले असते, तर देशाच्या पदरात काय पडले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

कोणी म्हणेल, अधिक पैसा दिला तर तो मधल्यामध्ये मुरेल. ही शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर हिशेब हे आहे, नकार नव्हे. इंग्लंडने २०११ पासून गरीब विद्यार्थ्यामागे शाळेला जादा रक्कम देण्याची पद्धत घातली आणि ती कशी खर्च केली हे जाहीर करण्याचे बंधनही शाळांवर घातले. आमच्याकडे तो हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहावा. व्यवस्थापन समितीतील पालक वाचतील.

सीमाभागातील व महाराष्ट्रातील वाचकांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेतील राखीव जागा नकोत, असा नियम कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस केला. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द केला. न्यायालयांचे मत काहीही पडो, आमचा सरकारला सवाल एकच आहे : गरिबाच्या मुलाला 'तुझ्यासाठी आमची शाळा आहे' असे सांगून परत बोलावता, तर त्याला शिकविण्यास लागणारा जादा खर्च त्या शाळेच्या हाती का ठेवीत नाही?

आम्ही दया मागत नाही. वंचितांची व्याख्या करणाऱ्या कायद्यात त्यांच्या वाट्याचे एक कलम मागतो.